खांबेट्यांच्या भिंतीवरचा अमेरिकन

हॉलंडातल्या झूटरमेरच्या मराठी मंडळात एक गोष्ट गेली चार-पाच वर्षं कोथिंबिरीसारखी प्रत्येक ताटावर भुरभुरली जात होती. ती अशी, की शामलाबाई खांबेट्यांचं हे दुसरं लग्न. पहिला नवरा अमेरिकन. मोटारींच्या शर्यतीत गाड्या पळवायचा. आणि त्याचा फोटो बाईंनी अजून दिवाणखान्यात, टीव्हीच्या वर, दुसऱ्या नवऱ्याच्या नाकासमोर टांगून ठेवलाय!

हे पहिल्यांदा कोण बोललं ते सांगता येत नाही. मंजूषा म्हणते प्रियाकडून ऐकलं, प्रिया म्हणते मला मंजूषानेच सांगितलं. अफवेला आईबाप नसतात, मावश्या मात्र पुष्कळ.

फोटो होता, एवढं मात्र खरं. काळापांढरा, वीतभर उंचीचा. त्यात एक ड्रायव्हर. डोक्याला कान झाकणारी चामड्याची टोपी, डोळ्यांवर बशीएवढे गॉगल, आणि उरलेला चेहरा चिखलाने असा लिंपलेला की सख्ख्या आईनेही आधी टॉवेल मागितला असता. एक हात स्टीअरिंगवर, दुसरा शेजारच्या सीटच्या पाठीवर टाकलेला, मान वळवून मागे बघतोय. गाडी म्हणाल तर स्टीअरिंगच्या तुकड्यापलीकडे काही दिसत नव्हती.

"हा एल्मर हॅडली," वासुदेव खांबेटे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "अमेरिकेतला अगदी सुरुवातीच्या काळातला रेसिंग ड्रायव्हर. एकोणीसशे नऊ ते चोवीस."

बँकेत आकडेमोडीचं काम करणाऱ्या शैलेंद्रने एकदा पुरणपोळी खाता खाता शंका काढली होती, की हा बुवा एकोणीसशे नऊमध्ये गाडी चालवत असेल, तर शामलाकाकू जन्मल्या तेव्हाच तो साठीचा असणार. मंजूषाने त्याच्या पानात आणखी तूप सोडलं. "तारखा मागे नेल्यात रे मुद्दाम. लाजेखातर!"

आता वासुदेवांबद्दल सांगायला हवं, कारण ज्यांनी त्यांना पाहिलंय त्यांना या माणसाच्या घरात असलं काही असेल हे पटणं कठीण. शहात्तर वर्षांचे, सडपातळ, पॅन्टला सायकलची क्लिप लावून देवदर्शनालाही जाणारे. माणूस पाण्यातला. म्हणजे धरणं, कालवे, गाळ. एक्क्याऐंशी साली खडकवासल्याच्या संशोधन केंद्रातून सहा महिन्यांच्या कोर्ससाठी डेल्फ्टला आले, ते सहा महिने अजून संपायचेत. पुढे लायडस्खेनडामला घर घेतलं. हॉलंडात राहून पाण्याची भीती त्यांना कधी वाटली नाही. पेट्रोलची मात्र वाटली. गाडी ते आयुष्यात चालवायला शिकले नाहीत. गाडी शामलाबाईंची. त्या चालवणार, आणि हे शेजारी बसून उजव्या पायाने चटई दाबणार, जणू ब्रेक तिथेच आहे. तीन गाड्या झाल्या, तिन्हींच्या चटईला त्याच जागी भोक.

आणि प्रामाणिक किती? स्किपोलला उतरल्यावर लोक लोणच्याची बरणी कपड्यांत दडवून डोळे मिटून चालायला लागतात. हे कस्टमच्या माणसाला शोधून काढायचे आणि बरणी उघडून दाखवायचे. एकदा त्या बिचाऱ्याने चव घेऊन पाहिली आणि पाणी मागितलं.

असा माणूस आयुष्यात एकच खोटं बोलला होता. पण एकच मुलगा असला की त्याचे लाड होतात, तसं त्या खोट्याचं झालं.

पंच्याऐंशी साली त्यांचे थोरले बंधू बाळासाहेब पुण्याहून आले होते. बाळासाहेब म्हणजे घरात शिरल्या शिरल्या पंख्याचा वेग आणि भावाचा संसार दोन्ही तपासणारे गृहस्थ. फोटोसमोर उभे राहिले. "हा कोण रे? तू?"

"छे! मी कुठला?" वासुदेव म्हणाले. इथवर सगळं खरं होतं. "मग कोण?" यावर ते अडले. शामलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उलथनं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, म्हटलं बघू काय बोलतात. वासुदेवांनी टेबलावरच्या बिस्किटांच्या डब्याकडे पाहिलं. डब्यावर हॅडली असं काहीतरी लिहिलं होतं.

"हॅडली," ते म्हणाले. "एल्मर हॅडली. अमेरिकन. रेसर होता. फार जुना."

शामलाबाई उलथन्यासकट आत गेल्या. आतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. बाळासाहेबांना वाटलं फोडणीचा ठसका असेल.

तिथून एल्मरची कारकीर्द सुरू झाली. पहिल्या वर्षी त्याला नुसता जन्म मिळाला, ओहायोत, घोड्यांना नाल ठोकणाऱ्याच्या घरी. पुढे कुणीतरी विचारलं, तो मोटारीकडे कसा वळला? मग चौदाव्या वर्षी त्याने गावच्या डॉक्टरची बंद पडलेली गाडी दुरुस्त केली. वासुदेव लायब्ररीतून त्या काळच्या शर्यतींची पुस्तकं आणू लागले, कारण खोटं असलं तरी ते नीट असायला हवं, हा इंजिनीअरचा धर्म. त्यामुळे एल्मर आधी जत्रेतल्या घोड्यांच्या धुळकट मैदानावर पळाला, मग फळ्यांच्या गोल ट्रॅकवर. परातीसारख्या उतरत्या कडा, तेलाने निसरड्या झालेल्या. गाडीत शेजारी मेकॅनिक बसायचा, हाताने तेलाचा पंप मारत. एल्मरच्या मेकॅनिकचं नाव गस.

या गसवर वासुदेवांचा फार जीव. कारण "हा मागे वळून का बघतोय?" हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारायचा, आणि त्याचं उत्तर गसशिवाय देता येत नव्हतं.

"एकोणीसशे बारा," वासुदेव आवाज खाली आणत. "एल्मर एक अख्खी फेरी पुढे. वळणावर शेजारी बघतो तर गस नाही! पडला होता. आता काय करावं? समोर पहिला नंबर. पण पठ्ठ्याने गाडी थांबवली, मागे गेला, गसला उचललं, सीटवर बसवलं, आणि सहावा आला. तेव्हापासून प्रत्येक शर्यतीत मागे वळून बघायची सवय लागली."

बायका डोळे पुसत. शामलाबाई चहाचे कप गोळा करताना एवढंच म्हणत, "हो ना. बिचारा गस. कुणीतरी मागे राहिलंच होतं म्हणायचं." आणि वासुदेव चष्मा पुसायला घेत.

शेवटी एल्मर म्हातारा होऊन अंथरुणात वारला. रेसरला याहून मोठं बक्षीस नाही, असं वासुदेव म्हणत. मुलगी ऋजुता ही गोष्ट ऐकतच मोठी झाली आणि आता रॉटरडॅमला स्वतःच्या मुलांना डचमधून सांगते. म्हणजे एल्मरला नातवंडंही झाली.

सगळं सुरळीत चाललं होतं. पण यंदा मंडळाचा सांस्कृतिक कार्यभार ईशानकडे आला.

ईशान एकतिशीचा, सॉफ्टवेअरवाला, हुशार, नम्र, आणि कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय न सोडणारा. असली माणसं ऑफिसात बरी, मंडळात त्रास. गणपतीच्या पहिल्या संध्याकाळी 'खांबेटेकाका सांगतात : एल्मर हॅडली' असा कार्यक्रम त्याने ठरवला. मागे पडद्यावर चित्रं हवीत म्हणून तीन आठवडे जुनी वर्तमानपत्रं, शर्यतींच्या याद्या, सगळं धुंडाळलं. आणि एका रविवारी बायकोला, मृण्मयीला घेऊन लॅपटॉपसकट खांबेट्यांकडे आला.

"काका, हा माणूस कुठेच नाहीये."

"सापडत नसेल. जुने कागद..." वासुदेवांनी चकली उचलली आणि परत ठेवली.

"काका, नववे आलेल्यांची नावं आहेत. एका शर्यतीत ट्रॅकवर कुत्रा आला होता, त्या कुत्र्याचं नाव आहे. पण एल्मर हॅडली नाही. गसही नाही."

"गसही नाही?" वासुदेव कळवळून म्हणाले. जणू तो दुसऱ्यांदा पडला.

मृण्मयी मघापासून चुळबुळ करत होती. "काकू, रागावू नका हं. पण तुम्हाला कळलेलं बरं. मंडळात सगळे म्हणतात की फोटोतला माणूस म्हणजे तुमचा... तुमचा पहिला नवरा."

शामलाबाई इतक्या हसल्या की चहा बशीत आणि बशी मांडीवर. "अगं बाई! पहिला नवरा! बरा आहे गं दिसायला. चिखल धुतला तर आणखी बरा दिसेल."

वासुदेव हसले नाहीत. त्यांचा चेहरा पडला. एक्केचाळीस वर्षं जे स्वतःच्या लाजेवर पांघरूण म्हणून घातलं होतं, त्याचं टोक बायकोच्या पायात अडकलं होतं. पाहुणे गेल्यावर ते फोटोखाली येऊन उभे राहिले.

"अगं, हे वाईट झालं. लोक तुझ्याबद्दल बोलतायत."

"बोलू देत. त्र्याहत्तराव्या वर्षी कुणी एवढं रंगेल समजतंय, मला काही वाईट वाटत नाही."

"मला वाटतं ना! खरं सांगायला हवं."

"मग सांगा." त्या भांडी पुसत होत्या. "पण मी सांगणार नाही हं. खरं तुमचं आहे. सांगायचं तर तुम्हीच, नाहीतर एल्मरला आणखी दोन शर्यती जिंकून द्या."

ओट्यावर एक पितळी कप होता. त्यात झारे, डाव, लाटणं उभं असायचं. कपावर काही कोरलेलं होतं, पण ती बाजू कायम भिंतीकडे. वासुदेवांनी तो कप थोडासा फिरवला, मग पुन्हा होता तसा ठेवला. खरं बोललं तर बायकोचं नाव साफ होणार आणि स्वतःचं जाणार. नाही बोललं तर गणपतीच्या संध्याकाळी सगळ्या मंडळापुढे, पडद्याच्या उजेडात, पुन्हा तेच खोटं. दहा दिवस त्यांनी यावर विचार केला आणि दहा दिवसांत काही ठरलं नाही. धरणाचा दरवाजा कधी उघडायचा हे ठरवणं त्यांना नेहमीच सोपं जायचं, कारण त्यामागे स्वतः कोंडलेले नसायचे.

गणपतीचा दिवस उजाडला. मंडळाचं मखर एका डच शेतकऱ्याच्या कोठारात ठेवलेलं असतं. तो वासुदेवांच्या जुन्या ओळखीचा, म्हणून दोघं नवरा-बायको बरोबर गेले. ईशान गाडी चालवत होता, शेजारी वासुदेव, मागे शामलाबाई आणि मांडीवर शाडूचा गणपती घेतलेली मृण्मयी. गाडीच्या मागे ट्रॉली जोडलेली, तिच्यात मखर आडवं बांधलेलं. हॉलवर अकरा वाजता प्रतिष्ठापना, गुरुजींना एक वाजता दुसरीकडे जायचं होतं. ईशानने फोनवर जवळचा रस्ता शोधला.

रस्ता जवळचा होता, यात शंका नाही. बांधावरून जाणारा, एका गाडीपुरता रुंद, दोन्ही बाजूंना उतरतं गवत आणि खाली हिरवं पाणी. जवळजवळ एक किलोमीटर गेल्यावर पूल आला. पूल वर उचललेला होता आणि समोर लालपांढरी फळी : दुरुस्तीसाठी बंद.

वळायला जागा नाही. एकच उपाय, एक किलोमीटर उलटं जायचं. ट्रॉलीसकट.

ईशानने स्टीअरिंग डावीकडे फिरवलं, ट्रॉली उजवीकडे गेली. उजवीकडे फिरवलं, ती डावीकडे. जसं काही नवीन लग्न झालेलं जोडपं. तिसऱ्या प्रयत्नात ट्रॉलीचं एक चाक गवतावर उतरलं आणि मखराची कमान पाण्याकडे झुकली. मृण्मयीने गणपतीला मिठी मारली. सायकलवरून जाणाऱ्या एक डच आजीबाई थांबल्या, खिडकीत वाकून चौघांना पुरेल एवढा सल्ला दिला आणि पूल बंद बघून घंटी वाजवत आल्या वाटेने परत फिरल्या.

"ईशान," मागून शामलाबाई म्हणाल्या, "ऊठ."

"काकू, ट्रॉली आहे मागे. फार ट्रिकी असतं ते."

"अरे, श्रीरामपूरला माझ्या वडिलांचं गॅरेज होतं. एवढ्याशा बोळात. साखर कारखान्याच्या उसाच्या ट्रॉल्या यायच्या दुरुस्तीला. आत शिरल्या की वळायला जागा नाही. सगळ्या उलट्या बाहेर काढायच्या. कोण काढायचं? वडिलांची मान धरलेली असायची. ऊठ आता, गुरुजी खोळंबलेत."

ईशान उठून मागे बसला. शामलाबाईंनी सीट पुढे घेतली, साडीचा पदर खोचला, वासुदेवांच्या सीटच्या पाठीवर उजवा हात टाकला आणि मान वळवली. "मृण्मयी, गणपतीवर वाक जरा. मला मागचं दिसू दे."

आधी एक वीत पुढे, चाक रस्त्यावर. मग गाडी मागे निघाली. सुरुवातीला हळू. मग तितकीशी हळू नाही. ट्रॉली ताणून धरलेल्या दोरीसारखी सरळ रेषेत, गवताच्या कडेला न शिवता. वाऱ्याने बाईंचे केस तोंडावर आले, ते बाजूला करायलाही त्यांनी हात उचलला नाही. मघाच्या आजीबाईंना त्यांनी उलट्या गाडीतून मागे टाकलं. आजीबाई सायकल गवतात घालून टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या.

वासुदेव बायकोकडे बघत होते. सीटच्या पाठीवरचा हात, वळलेली मान, ओठांचा तो किंचित दाबलेला कोपरा. चाळीसहून जास्त वर्षं रोज पाहिलेला फोटो, पण हे प्रत्यक्षात बघायचं त्यांचं त्या वेळी राहून गेलं होतं. आज दिसलं. त्यांचा उजवा पाय चटईवर होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने ब्रेक दाबला नाही.

मागे ईशानने फोन काढून एक फोटो घेतला. मग तो त्याने दोन बोटांनी मोठा केला आणि मृण्मयीला दाखवला. ती काही बोलणार तेवढ्यात त्याने तिच्या हाताला चिमटा काढला. इंजिनीअर असला तरी घरचे संस्कार चांगले होते.

अकराला दहा मिनिटं असताना मखर हॉलमध्ये पोचलं. आरती झाली, मोदक झाले. दुपारी ईशान हळूच जवळ आला. "काका, संध्याकाळचा एल्मरचा कार्यक्रम काढून टाकू का? सांगू की तुमचा घसा बसलाय."

"घसा ठणठणीत आहे," वासुदेव म्हणाले. "तू सकाळी गाडीत फोटो काढलास ना? तो एल्मरच्या शेजारी लाव. पडद्यावर. मोठा."

मग ते कुणाची तरी सायकल मागून घेऊन घरी गेले, कपातले झारे-डाव ओट्यावर काढून ठेवले, कप घासला आणि कापडी पिशवीत घालून परत आले.

संध्याकाळी हॉल भरला होता. मंजूषा पहिल्या रांगेत, प्रिया तिच्या शेजारी, दोघी पदर सावरून बसलेल्या. पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी आले. एका बाजूला टोपी, गॉगल आणि चिखल. दुसऱ्या बाजूला विस्कटलेले पांढरे केस आणि कांजीवरम. तोच हात सीटच्या पाठीवर, तीच मान, तोच ओठांचा कोपरा.

हॉलमध्ये आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग आलं.

"एल्मर हॅडलीची कारकीर्द," वासुदेव माइकसमोर म्हणाले, "आज संपली. ती मी संपवतो, कारण सुरूही मीच केली होती. तो ओहायोत जन्मला नाही. बिस्किटांच्या डब्यावर जन्मला." पिशवीतून कप काढून त्यांनी टेबलावर ठेवला, कोरलेली बाजू लोकांकडे. "यावर माझं नाव आहे. ते चुकीचं आहे. तुम्ही चाळीस वर्षं गससाठी हळहळलात. तो गस मी. शर्यतीत मागे राहिलेला मी. फक्त मला परत येऊन कुणी उचललं नाही, मी गाडीत बसलोच नव्हतो."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. मध्ये एकदा आवाज फाटला, तेव्हा शामलाबाई जागेवरूनच ओरडल्या, "अहो, पाणी प्या आणि पुढचं सांगा! ओकारीचं गाळू नका, तीच तर मजा आहे!" हॉल असा हसला की गणपतीपुढची समई हलली. वासुदेवही हसले. लाज जाते तेव्हा माणूस कसा दिसतो ते त्या दिवशी झूटरमेरने पाहिलं. साधारण दहा वर्षांनी तरुण.

कार्यक्रम संपल्यावर मंजूषा शामलाबाईंजवळ आली. चेहरा जरा ओशाळा. "म्हणजे काकू, पहिला नवरा वगैरे...?"

"हाच पहिला. हाच शेवटचा. बदलून मागितला होता, पावती हरवली."

खरं घडलं ते एवढंच. एकोणीसशे त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरात झेलँडमधल्या एका गावी, बीट काढून रिकाम्या झालेल्या शेतात, उलट्या चालवायच्या मोटारींची शर्यत होती. त्या वेळच्या छोट्या डच दाफ गाड्या गिअरऐवजी रबरी पट्ट्यावर चालत आणि पुढे जितक्या वेगाने जात तितक्याच वेगाने मागेही जात, म्हणून तशा शर्यती तेव्हा इथे व्हायच्या. वासुदेव खांबेट्यांनी, गाडी येत नसतानाही, ऑफिसातल्या मित्रांनी चिडवलं म्हणून नाव दिलं होतं. शर्यतीच्या दहा मिनिटं आधी ते गोठ्यामागे जाऊन ओकू लागले आणि शर्यत संपेपर्यंत तिथेच होते. शामलाबाईंनी त्यांचं जाकीट घातलं. हेल्मेट अंबाड्यावर बसेना, म्हणून त्या शेताच्या मालकाच्या वडिलांची मोटारसायकलची चामड्याची टोपी आणि गॉगल घेतले. सात गाड्या होत्या. त्या पहिल्या आल्या. अर्जावर वासुदेवांचं नाव होतं, म्हणून कपावरही तेच कोरलं गेलं, आणि वासुदेवांनी ते कुणाला दुरुस्त करायला सांगितलं नाही. फोटो गावच्या वर्तमानपत्राने काढला. त्यातला ड्रायव्हर शामलाबाई आहेत. त्या अमेरिकेत कधीही गेलेल्या नाहीत. त्यांचं लग्न एकदाच झालं. इथे ज्याचा आनंद असतो त्यानेच ऑफिसात केक न्यायचा असतो. सोमवारी तो केक वासुदेवांनी नेला.